वळणावरचे चुंबक

मोटारींच्या शर्यतीत सर्वांत वेगाने कोण धावला, एवढेच आपण विचारतो. सर्वांत सावकाश कोठे जावे लागले, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते शर्यतीची खरी परीक्षा तेथेच असते.

मोनाकोच्या रस्त्यांवर १९२९ पासून शर्यत भरते. तिच्या मार्गावर एक हेअरपिन आहे. म्हणजे केसांच्या आकड्यासारखे, आल्या दिशेला परत फिरवणारे वळण. शेजारी पूर्वी रेल्वे स्टेशन होते, म्हणून ते स्टेशनचे वळण म्हणून ओळखले जाई; पुढे तेथील हॉटेलाचे नाव त्याला मिळाले. ज्या फॉर्म्युला वन गाड्या बोगद्यातून निघताना ताशी अडीचशे किलोमीटर मागे टाकतात, त्याच येथे पन्नासाच्या आसपास येतात. पुढची चाके जास्त वळावीत म्हणून स्टिअरिंगच्या रचनेतही मुद्दाम बदल करतात. हिशेब सरळ आहे. त्याच वळणावर वेग दुप्पट केला, तर टायरांना चौपट पकड लागते. ती कोठून आणणार? म्हणून जाणता चालक आत शिरताना वेग सोडतो आणि बाहेर पडताना तो वसूल करतो.

हे मला कळले ते मामेभावाच्या घरी, जमिनीवर मांडलेल्या स्लॉट कारच्या मार्गावर. स्कॅलेक्सट्रिकने १९५७ साली इंग्लंडमध्ये हा खेळ बाजारात आणला. गाडीखालची जीभ मार्गाच्या खाचेत बसते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वीज मिळते आणि हातातला चाप दाबावा तसा वेग वाढतो. स्टिअरिंग नाहीच. ‘‘मग यात कौशल्य कसले?’’ मी हसून विचारले. पहिले काही फेरे मी भरधाव मारलेही.

मामेभावाने गाडी उलटी केली आणि तिच्या पोटातले छोटे चुंबक काढून घेतले. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ते असते. धातूच्या पट्ट्यांकडे ओढ घेऊन ते गाडीला वळणावर धरून ठेवते. ‘‘आता चालव,’’ तो म्हणाला. पहिल्याच हेअरपिनला माझी गाडी खाच सोडून थेट कपाटाखाली गेली.

मला पहिल्या वर्षाचा अकाउंट्सचा पेपर आठवला. मराठी माध्यमातून आलेला मी. इंग्रजीच्या धास्तीने गाईडमधली घसाऱ्याची उदाहरणे शब्दन्शब्द पाठ केली होती. चाचण्यांत गुणही मिळाले. पेपरात मात्र मध्येच पद्धत बदलून हिशेब करायला सांगितला होता. मी तेथेच खाचेबाहेर पडलो आणि तो विषय पुन्हा द्यावा लागला.

गाईड वाईट असते असे माझे म्हणणे नाही. नवख्या हाताला चुंबक लागतेच. पहिल्या दिवशी ते नसते, तर मी खेळ सोडूनच दिला असता. पण ते पोटात आहे हे विसरून आपण त्याच्या पकडीला स्वतःचे कौशल्य समजतो, हा धोका आहे. दुसऱ्या खेपेला मी एकेक नोंद ‘का’ म्हणून विचारत, आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजीत लिहिली. मित्र पुढे गेले, मी रेंगाळलो. पण पास झालो.

प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे: वर्षातून एखादी चाचणी अशी घ्या, की जिचे उत्तर कोणत्याच गाईडात नसेल. आणि मित्रहो, त्या दिवशी गाडी कपाटाखाली गेली तर लाजू नका. ती उचलून खाचेत ठेवा, आणि पुढच्या फेरीला चाप थोडा आधी सोडा.