चोवीस पुढे, पण चोवीस काय?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी तुम्ही विमानतळावर असाल, तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आठवत असतील. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवाल्या ग्राहकांना एक छोटीशी फाइल पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. तेवढ्या वेळात जवळपास ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाचा. विमानं रखडली, परदेशात काही रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

कारण ऐकाल तर हसू येईल. प्रोग्रॅमच्या हाती २० गोष्टी होत्या आणि तो एकविसावी वाचायला गेला.

आता तुम्ही म्हणाल, एक जास्त मोजली तर एवढं काय बिघडतं? त्यासाठी आपण गाडीत बसू. झाशीहून मुंबईला जाणाऱ्या मराठी घरांना पंजाब मेल काही नवी नाही. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ९ कप्पे, एका कप्प्यात ८ बर्थ, एकूण ७२. तुम्ही एस-वनमध्ये १ नंबरवर आहात आणि आत्याचा बर्थ २५. तुम्ही भाच्याला सांगता, "चोवीस पुढे जा, आत्याला डबा देऊन ये." तुमच्या मनात चोवीस बर्थ, पण भाचा मोजतो कप्पे! चोवीस कप्पे म्हणजे १९२ बर्थ. एस-वन संपला, एस-टू संपला, आणि स्वारी पोहोचली एस-थ्रीच्या ४९ नंबरवर. तिथे कुणीतरी अनोळखी माणूस झोपलाय. भाचा आज्ञाधारक असेल तर त्याच्या उशाशी तुमचा जेवणाचा डबा ठेवून येईल.

सी भाषेतला पॉइंटर नेमका या भाच्यासारखा. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एका जागेचा पत्ता. त्यात १ मिळवला की तो एक बाइट पुढे जात नाही, ज्या प्रकारच्या वस्तूकडे बोट दाखवतोय तशी एक अख्खी वस्तू ओलांडतो. लिनक्समध्ये (आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे) मेमरीचे साधारणपणे ४०९६ बाइटचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना पान म्हणतात. प्रत्येक पानाची एक नोंद असते आणि ती बहुतेक वेळा ६४ बाइटची. पुढच्या नोंदीवर जायला १ मिळवायचा. पण प्रोग्रॅमर विचार करतो, नोंद ६४ ची आहे, म्हणून ६४ मिळवू. झालं! पॉइंटर ६४ नोंदी पुढे, म्हणजे ४०९६ बाइट लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी पानाची नोंद खोडत बसतो.

आणि खरी डोकेदुखी इथून पुढे. ज्या ओळीत चूक झाली तिथे काहीच होत नाही. गाडी धावत राहते. पुढे कधीतरी एस-थ्रीतला माणूस जागा होतो आणि आरडाओरडा करतो. शोधणारे सगळे एस-थ्रीत जमतात, चूक मात्र एस-वनमध्ये झालेली. साधं ॲप असतं तर तेवढं एक ॲप बंद पडलं असतं. पण हा हिशेब चुकतो कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, त्यामुळे अख्खं यंत्र थांबतं. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅमही तिथेच बसलेला होता.

मग शोधतात कसं? पहिला मार्ग अगदी शाळेतला: वजाबाकी. जिथे पोहोचायला हवं होतं तो पत्ता आणि जिथे पोहोचलो तो पत्ता, दोन्ही मांडायचे. फरक नोंदीच्या आकाराच्या पटीत निघाला, तर कुणीतरी बाइट आणि नोंदी यांची गल्लत केली असा दाट संशय घ्यायचा. दुसरा मार्ग पहारेकऱ्याचा. लिनक्समध्ये २०१५ पासून केसॅन नावाची सोय आहे. ती दर ८ बाइटमागे १ बाइटची वही ठेवते: या आठातले किती वापरायला खुले आहेत? म्हणजे दर कप्प्यामागे टीसीच्या तक्त्यात एक खूण. परवानगी नसलेल्या जागी हात लागला की तिथल्या तिथे आरडाओरडा, चुकीच्या ओळीसकट. यंत्र मंदावतं आणि मेमरी जास्त लागते, म्हणून ही सोय चाचणीच्या वेळीच लावतात.

मला क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकली ती चाचणीच. चाचण्या झाल्या होत्या हो! पण त्या प्रत्येक वेळी एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" अशी खूण होती, त्यामुळे तो रकाना कधी उघडून बघावाच लागला नाही. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा तिथे खरी अट घातली. नंतर कंपनीने वाचण्याआधी मोजून घेण्याची तपासणी घातली. तोवर लोक एकेक संगणक हाताने सेफ मोडमध्ये सुरू करून ती फाइल काढत होते.

अशा चुकीतून नेहमी नुसता बंदच पडतो असं नाही. दुसऱ्याच्या बर्थवर पोहोचता येतं हे चोरालाही कळतं, आणि तुमच्या फोनमधले फोटो, बँकेचं ॲप, ओटीपी याच गाडीत बसलेले असतात. गूगलच्या हिशेबाने २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षेतल्या भोकांपैकी ७६ टक्के मेमरीच्या चुकांची होती. नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला लागल्यावर २०२४ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. रस्टमधला भाचा डब्याबाहेर पाऊल टाकण्याआधी अडवला जातो, असं समजा. जुना सी मात्र अजून भरपूर शिल्लक आहे, आणि त्यातली भोकं सापडतील तशी बुजवून अपडेटमधून तुमच्याकडे येतात.

हे वाचून झालं की फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख बघा. मग आईबाबांच्या फोनवरही बघा, कारण "नंतर आठवण करा" हे बटण सगळ्यात जास्त तिथेच दाबलं जातं.