परत आलेला पोरगा

मागल्या रविवारी एक माउली आमच्या दारात येऊन बसली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. नवरा नाक्यावरचा कामगार. चहा पुढे केला तर कप हातातच धरून राहिली. मग म्हणाली, "भाऊ, पोरगा सुटून आला. आता त्याला ठेवू कुठं?"

पोरगा १७ वर्षांचा. आठवी पास, नववीत शाळा सुटली. दोघा मित्रांच्या नादाने मोटारसायकल उचलली आणि पकडला गेला. वकिलाविना जामीन होत नाही असे कुणीतरी सांगितले, आणि बापाने तर रागाने तोंडच फिरवले. चार महिने पोरगा रिमांड होममध्ये राहिला. तिथे वेल्डिंगचे थोडे काम शिकला. हात चांगला बसतोय, असे तिथल्या मास्तरांनी आईला सांगितले. पण वस्तीत पाय ठेवला त्या दिवसापासून शेजारणी दोरीवरचे कपडे लवकर आत घेऊ लागल्या. हे सांगताना बाई रडली नाही, हसली. ते हसणे आम्हाला रडण्यापेक्षा जड गेले.

पोराचे नाव आम्ही लिहीत नाही. अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीच छापू नये असा कायदा आहे. वस्तीतल्या तोंडांना मात्र कुठला कायदा लागू होत नाही.

वाचकहो, हा कायदा आपल्या घराघरांत माहीत असायला हवा. २०१५ चा बाल न्याय कायदा १८ वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी स्त्री असते. जामीन देणे हाच नियम, न देणे हा अपवाद. आणि वकील मोफत मिळतो. १६ च्या पुढचा मुलगा अतिगंभीर गुन्ह्यात असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा खटला मोठ्यांसारखा चालू शकतो. पण चोरीमारीच्या प्रकरणात आईबाप वेळेवर मंडळापुढे उभे राहिले, तर पोरगा बहुधा घरी येतो. आमच्या या बापाला हे ठाऊक असते तर चार महिने वाचले असते. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी धरतात, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.

पोरांना कामातून सुधारायचे, हा विचार जुनाच आहे. १८५० च्या कायद्याने मॅजिस्ट्रेट १० ते १८ वर्षांच्या पोराला कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देऊ शकत असे. डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या नावाची औद्योगिक शाळा मुंबईत १८५७ साली निघाली, तीच आज माहीमला आहे. १८९७ च्या कायद्याने १५ वर्षांखालच्या मुलाला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत डांबता येत होते. डोंगरीच्या ज्या जुन्या जेलमध्ये १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस कैदेत होते, तिथेच पुढे मुलांचे रिमांड होम आले. पोरांना घर द्यायचे ठरले तेव्हा सरकारला जेलच सापडली!

पण काम आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हाला ठासून सांगायचे आहे. अंगण झाडून घेणे, चपात्या लाटून घेणे, मेणबत्त्या करायला बसवणे याला शिक्षण म्हणता येत नाही. बाजारात जे चालते आणि ज्याचा कागद मालकाला दाखवता येतो, तेच शिक्षण. आणि इथेच घोडे अडते. निरीक्षणगृहात मुलगा काही आठवडे, फार तर काही महिने असतो. विशेष गृहात पाठवला तरी तीन वर्षांच्या वर ठेवत नाहीत. वेल्डरचा कोर्स वर्षाचा आहे. म्हणजे आत अर्धाच धडा होतो. उरलेला बाहेर कोण पुरा करणार?

बापाचा विचार, जवळच्या वर्कशॉपमध्ये चिकटवून टाकावे. आम्ही नको म्हटले. १८ च्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामाला लावायला कायद्याची मनाई आहे. शिवाय तिथे तो हरकाम्याच राहील. वेल्डरच्या ट्रेडला आयटीआयमध्ये आठवी पास चालते. तिथे 'पूर्वी काही गुन्हा?' असे कुणी विचारलेच, तर घाबरायचे कारण नाही. बाल मंडळात झालेल्या निकालामुळे मुलगा पुढे कशालाही अपात्र ठरत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर नोंदही नष्ट करायची असते.

कागदावरची नोंद मिटेल. दोरीवरच्या कपड्यांचे काय? बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची दीक्षा सांगितली आहे. दर वर्षी विहारात ती कथा आपण ऐकतो, माना डोलावतो. पाली सुत्तात पुढचा भागही आहे. भिक्खू झालेला अंगुलिमाल सावत्थीत भिक्षेला गेला, तेव्हा लोकांचे दगड त्याच्यावर पडले. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, रक्ताने माखून तो परत आला. तो बदलला होता, गाव बदलले नव्हते. आमच्या वस्तीत कुणी दगड मारला नाही, हे कबूल. पण परवा विहारात पोरगा मागच्या सतरंजीवर येऊन बसला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. आम्हीही पुढेच बसलो होतो. उठून मागे गेलो नाही, याची लाज वाटते.

आयटीआयचा अर्ज आम्ही भरून देणार आहोत. जातीचा दाखला मिळाला, शाळा सोडल्याचा दाखला आणायचा राहिला आहे. त्यासाठी आई उद्या दोन घरची कामे बुडवणार आहे. शाळेत बापाने सोबत जावे असे आम्ही सुचवले. तो काही बोलला नाही, फक्त शाळा किती वाजता उघडते ते विचारले.