बोडीच्या पाळीवरची दोस्ती

आज १४ नोव्हेंबर, बालदिन. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगाव तालुक्यात धानाची कापणी सुरू आहे आणि भाऊबीज झाल्यापासून गावोगाव मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते आहे. शाळांत आज नेहरूंच्या तसबिरीला हार पडतील, भाषणे होतील. आमची विनंती एवढीच की, मोठ्यांनी आज लहानपणीचे एखादे चित्रपुस्तक पुन्हा उघडावे.

माधुरी पुरंदरे यांची 'यश' नावाच्या छोट्या मुलाची पुस्तके वाचत वाढलेली मुले आता स्वतः आई-बाप, शिक्षक झाली आहेत. शब्द पुरंदरेंचे आणि चित्रेही त्यांचीच. २०१४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. यशच्या पुस्तकांत राक्षस नाही, राजपुत्र नाही. घर, शाळा आणि त्यात रोज घडणारे एवढेसे काहीतरी. मोठेपणी पुन्हा वाचताना कळते की, लेखिकेने त्या एवढ्याशाला कधीच क्षुल्लक मानले नाही. पेन्सिलीवरून झालेली कट्टी मुलाला खरोखर झोंबते. 'सोडून दे' म्हणून आपण ती उडवून लावतो. दुसऱ्या दिवशी मुले आपली आपण बट्टी करतात, मोठ्यांचा सल्ला न घेता. दुसऱ्याचे मन ओळखण्याची पहिली शिकवणी तीच असते आणि असे पुस्तक ती मुलांना उपदेश न करता देते.

मात्र यशचे जग शहरातले. इथली दोस्ती बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर जमते, बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) धुऱ्यावरून एकामागे एक चालते, उन्हाळ्यात भल्या पहाटे मोहफुले वेचायला जाते. घरी कुणी पोवारी बोलतो, कुणी झाडीबोली, कुणी गोंडी. खेळताना तिन्ही एकमेकांत मिसळतात. हे सारे चित्रपुस्तकांत यायला हवे. इथल्या चित्रकला शिक्षकांना धुऱ्याचे वळण ठाऊक आहे, आज्यांना गोष्टी ठाऊक आहेत. त्यांनी मिळून पुस्तके करावीत, छपाईचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा.

तोवर निदान शाळांत आहेत ती पुस्तके तरी कुलपातून बाहेर काढा. फाटतील म्हणून कपाटात ठेवलेली पुस्तके पाहिली की जीव तुटतो. फाटू द्या, डिंक लावून चिकटवता येतात. आणि मंडईच्या आयोजकांनो, खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत यंदा चित्रपुस्तकांच्या एका दुकानाला जागा द्या, तीही भाडे न घेता.