मिठाचा हिशेब आणि समर्थनाचे गद्य

अर्थसंकल्पाच्या भाषणात कविता आली की साहित्याच्या माणसाला बरे वाटते. आमचेही तसेच होते. ५ जुलै २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करप्रस्ताव मांडताना संगमकालीन तमिळ ‘पुरनानूरु’तील हत्तीची उपमा सांगितली. धान्य कापून, घास करून भरवले तर लहानशा शेतावरही हत्ती बरेच दिवस पोसला जातो. तोच हत्ती स्वतः शेतात शिरला तर खातो त्याहून अधिक तुडवतो. राजाने कर कसा घ्यावा हे याहून कमी शब्दांत सांगणे अवघड आहे. त्याच भाषणात पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया विशेष अबकारी शुल्क आणि एक रुपया रस्ते उपकर वाढवल्याची घोषणाही होती. हत्ती घास घेतो आहे की शेतात शिरला आहे, हा प्रश्न त्या उपमेनेच आमच्या हाती दिला होता. आम्ही तो विचारला नाही. उपमेवर खूश होऊन थांबलो.

हा लेख त्या थांबण्याविषयी आहे. ‘रघुवंशा’तला सूर्य पृथ्वीचे पाणी शोषतो ते पुन्हा कित्येक पटींनी देण्यासाठी, कालिदासाची ही कल्पना आम्ही वर्गात रंगून शिकवतो. पण सूर्याने घेतलेले पाणी खरोखर कोणत्या शेतावर पडले, हे तपासणारे गद्यही आपल्याकडे आहे आणि ते आम्ही शिकवत नाही. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वगळला तर करांविषयीचे लेखन साहित्याच्या अभ्यासक्रमाबाहेरच राहते. सरकार अप्रिय निर्णयांचे समर्थन करते तेव्हा ते भाषेतूनच करते, आणि भाषा वाचणे हा तर आमचा व्यवसाय. मग हे वाचन आम्ही अर्थतज्ज्ञांवर सोडून मोकळे का होतो?

एक जुना वाचक आठवावा. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. बोलावे, ऐकवावे आणि बसावे, एवढाच अधिकार. सरकारपाशी त्या वर्षी सांगण्यासारखे पुष्कळ होते. सात कोटींवर शिल्लक पडली होती, आणि शिल्लक म्हणजे सुबत्ता असे समीकरण त्या निवेदनाच्या मुळाशी होते.

गोखल्यांनी नेमके ते समीकरण तोडले. अभिनंदनात आपण सामील होऊ शकत नाही असे त्यांनी आरंभीच सांगितले. नुकताच दुष्काळ आणि प्लेग यांतून गेलेल्या देशात तिजोरी भरते आणि रयत रिकामी राहते, तेव्हा ती शिल्लक प्रजेच्या स्थितीशी फारकत झाल्याची खूण असते, असा त्यांचा मुद्दा. ही शिल्लक आली कोठून, तेही त्यांनी उलगडून दाखवले. रुपया घसरत घसरत १३ पेन्सांच्या आसपास आला तेव्हा विलायतेत एक पौंड भरायला अठरा रुपयांहून अधिक लागत. त्या घसरणीच्या काळात तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी बंद केल्याच्या परिणामाने रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. तोच पौंड पंधरा रुपयांत भागू लागला. खर्चाचे कारण ओसरले, कर मात्र तसेच राहिले. शिल्लक होती ती या फरकाची.

गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय शिकवत आले होते. अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही त्यांच्या नावावर होते. आकड्यांच्या कामी त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य असे. पण त्यांच्या भाषणाचे बळ केवळ आकड्यांत नाही. सरकारच्याच मजकुरातील एक शब्द उचलावा, तो कोणत्या अर्थाने वापरला आहे हे विचारावे, आणि त्याच मजकुरातील दुसऱ्या आकड्याशी त्याची गाठ घालावी, ही त्यांची रीत. आम्ही जिला चिकित्सक वाचन म्हणतो ती रीत यापेक्षा वेगळी नाही. मिठावर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ ही गरिबालाही सोडता न येणारी वस्तू. तिचा खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नसेल, तर कर जेवणाच्या ताटापर्यंत पोचला असे समजावे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

१९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सारे एका भाषणाने झाले असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. तिजोरीत पैसा होता म्हणून देता आले. पण मत मागण्याची गरज नसलेल्या सरकारलाही कारणे सांगावीशी वाटत होती, आणि त्या कारणांना तोलामोलाचे उत्तर मिळत होते, ही गोष्ट लहान नाही.

यानंतर वीस वर्षांनी चित्र उलटे झाले. १९१९ च्या सुधारणांनी निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत असलेली मध्यवर्ती असेंब्ली दिली, मताचा अधिकार दिला. मार्च १९२३ मध्ये अर्थसदस्य सर बेसिल ब्लॅकेट यांनी तूट भरण्यासाठी मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर, म्हणजे दुप्पट नेण्याचा प्रस्ताव मांडला. समर्थन असे की, सरकारची पत टिकवायची तर अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी झालीच पाहिजे, आणि दरडोई भार तर वर्षाला अवघा काही आण्यांचा.

या ‘दरडोई’ शब्दापाशी वाचकाने थोडे थांबावे. तो सरासरीचा शब्द आहे. सावकाराचे डोके आणि शेतमजुराचे डोके तो एकाच मापाने मोजतो. मीठ दोघेही जवळपास सारखेच खातात, म्हणून मिठाच्या बाबतीत ही सरासरी गणिताने बरोबर असते. आणि दोघांची मिळकत सारखी नसते, म्हणून न्यायाने चूक. ‘अवघे काही आणे’ या शब्दांतला ‘अवघे’ ज्याने लिहिला त्याच्या दृष्टीने खरा होता. ज्याने भरायचे त्याला कोणी विचारले नव्हते.

असेंब्लीने प्रस्ताव फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो प्रमाणित करून अमलात आणला. पुढच्या वर्षी कर पुन्हा सव्वा रुपयावर आला, परंतु वादात हरूनही कर बसवता येतो हे लोकांनी पाहिले होते. सात वर्षांनी मिठाचा प्रश्न सभागृहातून समुद्रकिनाऱ्यावर गेला. वि. स. खांडेकर ज्या गावी शिक्षक होते त्या शिरोड्यातही मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. ज्या प्रश्नाला सभागृहात उत्तर मिळत नाही तो मिठागरात उतरतो. मिठाचा कर अखेर १९४७ साली गेला.

आता स्वतंत्र भारतातील एक उदाहरण. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या; रेशनची साखर, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस महागला. त्या भाषणाचा शेवट व्हिक्टर ह्यूगोचा दाखला देऊन झाला, आणि आठवणीत राहिला तो ह्यूगोच. आमच्या मते त्या भाषणाचे खरे बळ आरंभीच्या कबुलीत आहे: परकीय चलनाची गंगाजळी सुमारे २,५०० कोटी रुपयांची, म्हणजे जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरती, आणि राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून अधिक. खतांचे भाव जुलै १९८१ पासून जवळजवळ तसेच होते, हेही त्यात सांगितले होते. ज्याला विरोध करायचा त्यालाही हे आकडे हाती घेऊनच उभे राहावे लागत होते. सरकार अल्पमतातले, विरोध बाकांच्या दोन्ही बाजूंनी झाला, सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनीही केला. पंधरा दिवसांच्या आत वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळण्यात आले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माघार म्हणजेच लोकशाहीचा विजय काय? तसे नाही. पुढे ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र स्वस्त ठेवला गेला. परिणामी नत्राचा वापर बेसुमार वाढला आणि त्याची किंमत जमिनीने मोजली. अप्रिय निर्णय कधी आवश्यक असतात, लोकप्रिय निर्णय कधी घातक. म्हणून आमची कसोटी लोकप्रियतेची नाही. सरकारने आपली कारणे तपासता येतील अशा रूपात मांडली काय, आणि ती तपासण्यास सभागृहाला वेळ दिला काय, एवढेच आम्ही विचारतो.

या कसोटीवर अलीकडची वर्षे उतरत नाहीत. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी लोकसभेने गोंधळात वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केले. चर्चेला न आलेल्या अनुदानाच्या मागण्या एकत्र मताला टाकण्याच्या रीतीला आपल्या संसदेत ‘गिलोटिन’ म्हणतात. एरवी शब्दांना जपणाऱ्या संसदीय परिभाषेने हा एक शब्द मोठ्या प्रामाणिकपणे स्वीकारला आहे. गोंधळाचा दोष कोणा एका बाजूचा नाही. विरोधक घोषणा देतात, सरकारपाशी बहुमत असते, आणि समर्थनाचे गद्य लिहिण्याची गरजच कोणाला उरत नाही. राज्यघटनेचा २६५ वा अनुच्छेद सांगतो की कायद्याच्या अधिकाराविना कर घेता येणार नाही. तो कायदा न बोलता झाला तर अक्षर पाळले जाते. ज्या हेतूने ते अक्षर लिहिले तो हेतू उरत नाही.

उरते ते ‘कडू औषध’. हे रूपक सर्व पक्षांना प्रिय आहे, कारण त्यात सरकार वैद्य होते आणि नागरिक रोगी. रोग्याने औषधाची चिठ्ठी वाचावी अशी वैद्याची अपेक्षा नसते. रूपके शिकवणाऱ्यांनी तरी या रूपकाची उलटतपासणी करायला हवी.

आमची सूचना साधी आहे. गद्याच्या तासाला एकदा गोखल्यांचे १९०२ चे भाषण आणि ज्याला ते उत्तर होते ते सरकारी निवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचावे. कोणता शब्द कोणी कोणत्या अर्थाने वापरला, कर्ता कोठे लपवला, सरासरी कोठे पुढे केली, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. मग चालू वर्षाचे अर्थसंकल्पीय भाषण हाती द्यावे आणि त्यात कविता सापडली तर आनंद जरूर घ्यावा. त्यानंतर, आम्ही २०१९ मध्ये जो प्रश्न विचारला नाही, तो विचारावा.