शिडी कोणाची आणि घर कोणाचे?

नगरसेवकाला महापौर व्हायचे असते, महापौराला मंत्री आणि मंत्र्याला मुख्यमंत्री. यात गैर काही नाही. वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरू अलाहाबादच्या नगरपालिकेचे, आणि सुभाषबाबू कलकत्त्याचे महापौर होते. शहराच्या गटारांचा आणि नळांचा कारभार ज्याने पाहिला, त्याने देशाचा कारभार पाहावा हे उत्तमच. प्रश्न एवढाच, की वर चढू पाहणाऱ्या पुढाऱ्याने आपली शिडी कोणाच्या भिंतीला टेकवली आहे? अलीकडे ही भिंत बहुधा गरिबाच्या घरकुलाची असते. निवडणूक जवळ आली की चौकाचौकात फलक लागतात, त्यांवर इमारतींची चित्रे असतात, किल्ली देणारा हात असतो आणि खाली एक मोठा आकडा असतो. वाचकहो, तो आकडा तपासायचा कसा, एवढाच आजचा विषय आहे.

त्यासाठी उदाहरण घेऊ माळव्याचे. धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पवारांची घराणी तेथे नांदली. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थाने होती. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात गेली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात. राज्ये बदलली, पण तेथली मराठी घरे तेथेच राहिली. आज या दोन्ही गावांचे भवितव्य त्यांच्या मधोमध वसलेल्या इंदूर शहराशी बांधले गेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने महानगर क्षेत्रांच्या नियोजनाचा कायदा मंजूर केला. इंदूर महानगर क्षेत्राच्या आखणीत धार आणि देवास हे दोन्ही जिल्हे येतात. म्हणजे देवासच्या कामगाराने घर कोठे बांधावे आणि धारच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर कोणता रस्ता यावा, याचा विचार यापुढे इंदूरसह एकत्र होणार. तेव्हा इंदूरच्या महापौरकीची परंपरा काय आहे, हे धार-देवासच्या माणसाने पाहून ठेवलेले बरे.

कैलास विजयवर्गीय २००० साली इंदूरचे पहिले थेट निवडून आलेले महापौर झाले. पुढे ते राज्यात मंत्री झाले, पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस झाले. २०२३ च्या निवडणुकीत ते पुन्हा विधानसभेवर आले, तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. ते पद मिळाले नाही. मिळाले ते नगरविकास आणि गृहनिर्माण खाते. त्यांच्यानंतर महापौर झालेल्यांपैकी मालिनी गौड महापौर असताना आमदारही होत्या. सध्याचे महापौर पुष्यमित्र भार्गव २०२२ साली निवडून आले. त्यांनी हरवले ते संजय शुक्ल त्या वेळी आमदार होते, म्हणजे आमदारालाही महापौर व्हावेसे वाटते असा उलटा प्रवासही माळव्याने पाहिला. २०२२ च्या महापौरांची मुदत २०२७ मध्ये संपते आणि विधानसभेची निवडणूक २०२८ मध्ये येते. मधल्या काळात कोणकोण आपापली शिडी सरसावून उभे राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

समर्थक म्हणतील, ज्याने शहर चालवले तोच राज्याचे गृहनिर्माण चालवू शकेल. विरोधक म्हणतील, यांनी शहराचा केवळ पायरीसारखा उपयोग केला. दोन्ही बाजूंना आमचे एकच सांगणे आहे. महापौराच्या हाती काय होते ते आधी पाहा, आणि मगच त्याला माळ घाला किंवा दोष द्या.

घर बांधायला तीन गोष्टी लागतात: जमीन, पैसा आणि कागद. यांतली एकही पूर्णपणे महापौराची नसते. जमीन असते विकास प्राधिकरणाकडे, गृहनिर्माण मंडळाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे. पैशाचा मोठा वाटा दिल्लीहून येतो. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीतल्या प्रकल्पांना केंद्र दर घरामागे दीड लाख रुपये देते. राज्य, महापालिका आणि घर घेणारा आपापला वाटा घालतात. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी देशातल्या सहा शहरांत नव्या तंत्राच्या घरांची पायाभरणी केली, त्यात इंदूरची १०२४ घरे होती. त्यांचे श्रेय कोणाचे? दिल्लीचे, भोपाळचे की इंदूरचे? फलकावर मात्र प्रत्येकजण आपलाच चेहरा लावतो.

आणि कागद? मध्य प्रदेशात शहरातल्या भूमिहीनाला त्याच्या झोपडीखालच्या जागेचा पट्टा देणारा कायदा १९८४ साली झाला. तो अर्जुनसिंह मुख्यमंत्री असताना भोपाळच्या विधानसभेने केला. एका कागदाने झोपडीवाल्याची उद्याची धास्ती जेवढी कमी होते, तेवढी दहा उद्‌घाटनांनी होत नाही. सत्तेची खरी किल्ली जमिनीत असते हे माळव्यातले राजकारणी पुरते ओळखून आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री झालेले मोहन यादव उज्जैनचे महापौर कधीच नव्हते. मात्र २००४ ते २०१० या काळात ते उज्जैन विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. यात काय ते समजावे.

मग महापौराला विचारायचे तरी काय? त्याच्या हाती जे खरोखर असते ते: पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती आणि वस्तीची देखभाल. घर उभे राहते सरकारच्या पैशावर, पण ते राहण्याजोगे राहते महापालिकेच्या चाकरीवर. इंदूरने हे दोन वेळा दाखवून दिले आहे. १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी विकास प्राधिकरणासाठी अरण्य वसाहत आखली. सुमारे साडेसहा हजार घरांची ही वसाहत. गरिबाला प्लॉट, जोते आणि न्हाणीघर-संडास द्यायचा, बाकीचे घर त्याने आपल्या कमाईप्रमाणे वाढवायचे, अशी ती कल्पना. तिला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. त्यानंतर शहरातल्या झोपडपट्ट्या मलनिःसारणाच्या एका जाळ्यात गुंफण्याची योजना झाली. तिलाही १९९८ साली तोच पुरस्कार मिळाला. पण नियोजनतज्ज्ञ गीता दिवाण वर्मा यांनी त्या वस्त्यांत जाऊन तिच्यावर कडक टीका केली. कागदावरचे गटार आणि जमिनीखालचे गटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हा त्या वादाचा मथितार्थ.

हा धडा जुना झाला असे कोणी म्हणू नये. सतत स्वच्छतेचा पहिला क्रमांक पटकावणाऱ्या याच शहरात, डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. आयुक्तांना हटवण्यात आले. ती वस्ती गृहनिर्माण मंत्र्यांच्याच मतदारसंघातली. एक अधिकारी बदलला म्हणजे हिशेब मिटला काय? घरे दिल्याचा आकडा सांगणाऱ्याने त्या घरांच्या नळातून काय येते, हेही सांगितले पाहिजे.

देवासला तर हे निराळे सांगावे लागू नये. १९७० च्या दशकात तेथे नोटांचा सरकारी छापखाना आला, कारखाने आले, दूरदूरचे कामगार आले. वस्ती वाढली, पण पाणी वाढले नाही. १९९० साली त्या शहराला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. घर आहे पण घागर रिकामी आहे, अशा घराला घर म्हणायचे काय? धारची गोष्ट निराळी असूनही सारखीच. त्या जिल्ह्यातल्या पीथमपूरला १९८० च्या दशकापासून कारखाने उभे राहिले. कामगार मात्र भाड्याच्या खोल्यांत राहिला किंवा इंदूरहून रोज ये-जा करू लागला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच जिल्ह्यात बदनावरजवळ दोन हजारांहून अधिक एकरांवरच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तेथे काम मिळेल, हे चांगलेच. पण कामावरून सुटलेली बाई रात्री झोपेल कोठे, याचे उत्तर आज मागितले नाही तर उद्या ती झोपडीत झोपेल आणि परवा तीच झोपडी अतिक्रमण ठरेल.

त्यातही धार आणि देवास यांत एक फरक आहे. देवासला महानगरपालिका आहे, तेथे २०२२ साली मतदारांनी महापौर थेट निवडला. धारला नगरपालिका आहे, तेथे अध्यक्ष नगरसेवकांनी निवडला. म्हणजे एकाने जाब द्यायचा जनतेला, दुसऱ्याने नगरसेवकांना. आणि दोघांच्याही वर आता महानगर प्राधिकरण येते आहे, ज्याचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. महानगर नियोजन समितीत किमान दोनतृतीयांश सदस्य लोकांनी निवडून दिलेल्या स्थानिक प्रतिनिधींतून यावेत, असे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत सांगितले आहे. धार-देवासच्या प्रतिनिधींनी ही खुर्ची हक्काने मागावी आणि मिळाली की तिच्यावर गप्प बसू नये.

आपल्या महाराष्ट्रातही हा धडा गिरवला गेला आहे. मनोहर जोशी १९७६ साली मुंबईचे महापौर झाले आणि १९९५ साली मुख्यमंत्री. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे, हे त्यांच्या युतीचे वचन. त्यातून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभे राहिले, ते आजही आहे. वचनातली घरे मात्र त्यांच्या कारकिर्दीत त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाहीत. नागपूरचे महापौर राहिलेले देवेंद्र फडणवीस पुढे मुख्यमंत्री झाले. माणूस वर जातो, वचन खाली राहते, आणि वचनावर विसंबलेले कुटुंब तर त्याहून खाली. आमच्या गोव्यात पणजीच्या महापौराची मुदत वर्षाची. वर्षभरात घर बांधून होत नाही, त्यामुळे घरांचा हिशेबही कोणी देत नाही.

म्हणून, वाचकहो, आमचा आग्रह एवढाच. महापौर वरचे पद मागायला दारी आला की त्याला चार प्रश्न विचारा. किती घरांची पायाभरणी झाली हे नको, किती घरांत आज चूल पेटते ते सांगा. त्यांपैकी किती जणांच्या हाती स्वतःच्या नावाचा कागद आहे? जेथे घर दिले तेथून कामाचे ठिकाण किती दूर आहे आणि जायला काय खर्च येतो? आणि पाच वर्षांनी त्या इमारतीची गटारे कोण साफ करते?

या चारांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला खुशाल वर चढू द्या. अशी माणसे वर गेली तर भोपाळ आणि मुंबई सुधारतील. ज्याच्यापाशी केवळ छायाचित्रे असतील, त्याला नम्रपणे सांगा, की बाबा, आधी खाली उतर, आमच्या नळाचे पाणी एक पेला पिऊन दाखव, मग बोलू.