राजवाड्याच्या प्रांगणातील जाखडी

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रादेशिक संग्रहालय आहे आणि त्याच्याच प्रांगणात ‘आर्ट सर्कल’ या स्थानिक संस्थेचा कला-संगीत महोत्सव अनेक वर्षे थंडीच्या दिवसांत भरत आला आहे. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त वारशाच्या, म्हणजे नृत्य, गायन, विधी, कारागिरी अशा माणसांच्या अंगी वसणाऱ्या परंपरांच्या जतनाचा करार केला आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाच्या व्याख्येत त्या वारशाला स्थान दिले, तेव्हापासून संग्रहालयाच्या अंगणात नाचगाणे व्हावे ही कल्पना जगभर मान्य झाली आहे. रत्नागिरीत तिचे मोल अधिक आहे, कारण या वास्तूचा इतिहास एका पदच्युत दरबाराचा आहे आणि त्या दरबाराच्या वैभवात नृत्याचा वाटा मोठा होता.

ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० मध्ये तो या राजवाड्यात राहावयास आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. याच घराण्याच्या सैन्याने १७६७ मध्ये सयामची राजधानी आयुथया जिंकून तेथील नर्तक-गायकांना बंदिवान करून नेले होते आणि त्यांच्या रामकथेवरील मुखवट्यांच्या खेळातून ब्रह्मी दरबारात ‘यामा जातदाव’ हे नृत्यनाट्य आकाराला आले. ज्या घराण्याने परक्या राज्याचे कलावंत कैद करून आणले, त्याचाच वारस स्वतः कैदी होऊन ज्या मुलखात आला, तेथेही रामकथा नाचली जात होती, ही गोष्ट संग्रहालयाच्या एकाही पाहुण्याला सांगितल्यावाचून जाऊ देऊ नये इतकी विलक्षण आहे.

कोकणातील या रामकथेचे रूप नमनात सापडते. नमन, म्हणजेच खेळे, हा शिमग्याशी जोडलेला लोकनाट्यप्रकार असून त्यात गण, गौळण, सोंगे आणि वग असा क्रम असतो, मृदंगाच्या ठेक्यावर काळ्या वेषातला संकासुर अवतरतो आणि अनेक खेळांत दशमुखी रावणही नाचतो.

कोकणातल्याच जाखडीचे वळण वेगळे आहे. गणेशोत्सवात, मुंबईहून चाकरमानी गावी परतल्यावर, रंगणारा हा नाच मुंबईत ‘बाल्या नाच’ या नावाने ओळखला गेला. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात, त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले नर्तक रिंगण धरतात आणि गाण्याचा वेग चढत जाईल तसतसे त्यांचे पाय अधिकाधिक जोराने भुईवर आदळू लागतात. या नाचाचा आत्मा मात्र वादात आहे. शक्तीवाले आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला, आणि दोन्ही बाजूंचे शाहीर पुराणांतील दाखले देत एकमेकांना कोडी घालतात, उत्तर न सुचल्यास भर सभेत हार पत्करतात. प्रकृती मोठी की पुरुष, हा दर्शनशास्त्रातील प्रश्न दिवसभर भातशेतीत राबणारा किंवा गिरणीत पाळी करणारा माणूस रात्रभर अशा प्रकारे लढवीत आला आहे. शक्ती-तुऱ्याचे हे सामने मुंबईतील परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत पोहोचले, यातच गिरणगावाने कोकणातून काय नेले ते कळून येते.

अशा नाचाला सांस्कृतिक कार्यक्रमांत बहुधा पाच-दहा मिनिटे दिली जातात आणि त्याचे नाव ‘लोकनृत्य’ असे मोघम सांगितले जाते, ही खेदाची बाब आहे. तेवढ्या वेळात सवालच पुरा होत नाही, मग जबाब कुठून यायचा? शिवाय रंगमंचाची एकच बाजू प्रेक्षकांकडे असल्याने रिंगण फोडून त्याच्या सरळ रांगा कराव्या लागतात, शाहीर एका कोपऱ्यात ढकलला जातो आणि आतल्या माणसाकडे तोंड करून नाचणारे नर्तक समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. पावले तीच राहिली तरी नाचाचा अर्थ बदलतो. थिबा राजवाड्याच्या प्रांगणात मंचाची गरजच नाही. तेथे भुईवर रिंगण आखावे, प्रेक्षकांनी चहूबाजूंनी बसावे, कथक किंवा भरतनाट्यमला मिळतो तेवढाच अवधी शक्ती-तुऱ्याच्या एका पूर्ण बारीला, म्हणजे शाहिराच्या आळीपाळीने येणाऱ्या सादरीकरणाला, मिळावा आणि प्रत्येक सवालामागची पुराणकथा आधी थोडक्यात सांगितली जावी, म्हणजे परगावच्या श्रोत्यालाही हारजीत समजेल.

संग्रहालयाकडे याहून मोठे एक काम आहे. शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांमध्ये गुरूकडून उतरवून घेतलेली गाणी आणि जुन्या सामन्यांतले सवाल असतात; त्या वह्या शाहिराच्या घरच्यांच्या संमतीने पाहून त्यांच्या प्रती जतन कराव्यात आणि महोत्सवासाठी शाहीर रत्नागिरीस येतील तेव्हाच त्यांच्याकडून ती गाणी गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करावीत, कारण वहीत शब्द उतरतात, चाल उतरत नाही.