दरवाजाबाहेरची जबाबदारी

भ्रमिष्ट अवस्थेत ज्याच्या हातून कधीकाळी गुन्हा घडला, असा एखादा इसम बरा होऊन येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या दरवाजाबाहेर पडतो, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो हाच की, हा पुन्हा तसे काही करील काय? २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून पळवलेल्या एस.टी.ने नऊ जीव घेतले. चालकाच्या वेडेपणाचा बचाव न्यायालयांनी अमान्य केला, तरी वेड आणि हिंसा यांची सांगड अनेकांच्या मनात बसली ती बसलीच.

वस्तुस्थिती निराळी आहे. २०१६ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सुरक्षित मनोरुग्णालयांतून सुटलेल्या सुमारे १२ हजार रुग्णांविषयीचे ३५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांच्यातील पुनरपराधाचे प्रमाण तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांपेक्षा कमी आढळले.

आमचा कायदा भ्रमिष्टपणाच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्या अशा इसमास, तो कोणास इजा करणार नाही अशी हमी घेऊन, आप्ताच्या वा स्नेह्याच्या हवाली करण्याची मुभा न्यायालयास देतो. परंतु वृद्ध मातेने जामीनकतबा लिहून दिला, एवढ्याने रोजची गोळी पोटात जात नाही, की रात्री उलटलेले चित्त ओळखणारे माणूस उंबऱ्याशी उभे राहत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासगृहे देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा सुटकेच्या हुकुमासोबतच पुढील तपासणीची तारीख, घरी येणाऱ्या परिचारिकेचे नाव आणि अशा निवासगृहातील एक खाट, ही तीन कलमे सरकारने लिहून द्यावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.